संगणकखोलीच्या भिंतीवर सहा फोटो: कुणाचे लावावेत?

वाचनवेडी
आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात यंदा मुलांसाठी संगणकखोली झाली. देणगीतून आलेले आठ संगणक, एक प्रिंटर आणि दारासमोरची अख्खी भिंत मोकळी. परवाच्या बैठकीत ठरलं की घरगुती संगणक ज्यांनी घडवला अशा सुरुवातीच्या काळातल्या माणसांचे सहा फोटो तिथे लावायचे, खाली चार-चार ओळी माहिती. निवड माझ्या गळ्यात पडली आणि मला ती मनापासून आवडली आहे.

बैठकीत दोन नावं लगेच निघाली, स्टीव्ह जॉब्स आणि बिल गेट्स. तिसरं कुणालाच सुचेना. घरी येऊन वाचायला बसले ती एका माणसापाशीच अडकले. गॅरी किल्डॉल. कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेत शिकवणारे प्राध्यापक. १९७४ मध्ये त्यांनी इंटेलच्या ८०८० चिपसाठी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. तोपर्यंत छोट्या संगणकाला फ्लॉपी जोडली, तरी तिच्यावर फाइल ठेवायची कुठे आणि शोधायची कशी, याची सर्वांना चालेल अशी रीतच नव्हती. पुढे दर कंपनीचं यंत्र वेगळं निघायला लागलं, तेव्हा किल्डॉल यांनी यंत्रानुसार बदलणारा भाग बाजूला काढला आणि त्याला बायोस म्हटलं. नवं यंत्र आलं की तेवढा तुकडा नव्याने लिहायचा, बाकीचं सगळं जसंच्या तसं. म्हणजे एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दहा कंपन्यांच्या यंत्रांवर चालणार! आपल्या आठ संगणकांतली 'सी' ड्राइव्हसुद्धा याच घराण्यातली. सीपी/एममध्ये 'ए' आणि 'बी' अशा ड्राइव्ह असत, तिथून ती पद्धत डॉस या पुढच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आली.

किल्डॉल १९९४ च्या जुलैत गेले, वयाच्या ५२ व्या वर्षी. मी २२ वर्षं संगणक वापरते आहे आणि हे नाव मला परवा कळलं. याचं मला वाईट वाटलं, म्हणून हा धागा.

जॉब्स-गेट्स सगळ्यांना माहीत आहेत, ते वगळून तुम्ही कुणाचे फोटो लावाल? आणि का, ते पाचवीतल्या मुलाला कळेल असं सांगा.

सांजवारा
छान धागा. वाचनखूण साठवली. लहान गावात वाचनालयाने हे मनावर घेतलं याचंच कौतुक वाटतं.

सडेतोड
ताई, हेतू चांगला आहे, पण जॉब्स-गेट्स वगळायला माझा विरोध. मुलं भिंतीकडे बघून आधी ओळखीचा चेहरा शोधतात. तो सापडला तरच शेजारचा अनोळखी चेहरा वाचतात.

दुसरं, किल्डॉलबद्दल. आयबीएमची माणसं त्यांच्या नव्या पीसीसाठी सीपी/एमचा करार करायला दारात आली तेव्हा हा गृहस्थ मजेत विमान उडवत होता, असं आम्ही कॉलेजात ऐकलं आहे. संधी घालवणाऱ्याला भिंतीवर का चढवायचं?

डॉसकाका
सडेतोड, हीच गोष्ट मीही ऐकली होती आणि बरीच वर्षं इतरांना सांगितलीही. ती अर्धवट आहे.

१९८० साली आयबीएमचे लोक पॅसिफिक ग्रोव्हला किल्डॉल यांच्या डिजिटल रिसर्च कंपनीकडे आले, हे खरं. किल्डॉल त्या दिवशी स्वतःचं विमान घेऊन गेले होते हेही खरं, पण ते एका ग्राहकाकडे कामासाठी. कंपनीचा व्यवहार त्यांच्या पत्नी डोरोथी मॅक्इव्हन बघायच्या, त्या बैठकीला होत्या. अडलं ते गोपनीयतेच्या करारावर. आयबीएमचा करार एकतर्फी होता आणि त्यावर लगेच सही करायला त्या तयार झाल्या नाहीत. आपल्या ओळखीतला कुठलाही वकील त्यांना हाच सल्ला देईल.

इकडे सिएटलमध्ये टिम पॅटरसन यांनी ८०८६ चिपसाठी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली होती. सीपी/एमचे प्रोग्रॅम सहज बदलून घेता यावेत म्हणून तिच्यातल्या हाका, म्हणजे प्रोग्रॅमने सिस्टिमकडे काम मागायच्या आज्ञा, सीपी/एमच्या पुस्तिकेबरहुकूम ठेवल्या होत्या. मायक्रोसॉफ्टने ती विकत घेतली आणि आयबीएमला दिली, तीच पीसी-डॉस. किल्डॉल यांनी तक्रार केल्यावर आयबीएमने सीपी/एम-८६ सुद्धा विकायला ठेवली. पण दुकानात पीसी-डॉस ४० डॉलरला आणि सीपी/एम-८६ तब्बल २४० डॉलरला. गिऱ्हाईक काय उचलणार ते सांगायला नको.

तेव्हा आमच्यासारख्यांनी १९८८-८९ मध्ये डॉसचा काळा पडदा पहिल्यांदा पाहिला, त्यात किल्डॉल यांचं वळण होतंच. आठ अक्षरी नाव, मग टिंब, मग तीन अक्षरं. मुलीचा बायोडेटा 'सुनीबायो' अशा नावाने ठेवायचो.

सातारी_टंकलेखक
डॉसकाकांनी आठ अक्षरांचं नाव काढलं आणि मी थेट १९९० मध्ये गेलो. गावातल्या क्लासमध्ये चपला बाहेर काढायच्या, हातपाय पुसायचे, मग आत. खोलीला एसी होता, तो संगणकासाठी. आमच्या घरी पंखाही एकच होता. तीन मुलांत एक यंत्र, सव्वापाच इंचांची फ्लॉपी, आणि वर्डस्टार हा मजकूर लिहायचा प्रोग्रॅम.

कंट्रोल के-बी, कंट्रोल के-के, कंट्रोल के-सी. परिच्छेदाच्या सुरुवातीला खूण, शेवटी खूण, आणि उचलून दुसरीकडे नक्कल. मराठी टंकलेखनात एक ओळ चुकली की पूर्ण कागद पुन्हा मारणारा मुलगा मी. पहिल्यांदा तो परिच्छेद पडद्यावर उडी मारून खाली गेला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. मी त्या दिवशी घरी जाऊन आईला ते हातवारे करून दाखवलं.

माझं मत रॉब बार्नबी यांना. सेमूर रुबिनस्टाइन यांच्या कंपनीसाठी त्यांनी वर्डस्टार लिहिला, १९७८ मध्ये तो सीपी/एमवर आला. बाण नसलेल्या कीबोर्डवरही चालावं म्हणून कंट्रोलबरोबर ई, एस, डी, एक्स या चार कळा: वर, डावीकडे, उजवीकडे, खाली. कीबोर्डवर बोट ठेवून बघा, चौकोनी पतंगासारखा आकार होतो. हात जागचा हलवावा लागत नाही. टंकलेखकाची कदर असणाऱ्याचं काम आहे ते.

कंट्रोल_के_डी
सातारी, माझ्या सभासदनामाकडे बघा. आणखी काय बोलू! :)

बे_एरियातली_मावशी
मी पॅसिफिक ग्रोव्हपासून दीडेक तासावर राहते. किल्डॉल यांच्या कंपनीची जुनी इमारत लाइटहाउस अ‍ॅव्हेन्यूवर आहे. २०१४ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने तिथे सीपी/एमच्या स्मरणार्थ फलक बसवला. समुद्र बघायला गेलो होतो तेव्हा मुद्दाम वाकडी वाट केली. साधं लाकडी घर आहे, आपल्याकडे एखाद्या डॉक्टरचा दवाखाना असावा तसं.

मला मात्र आणखी एक नाव सुचवायचं आहे, आणि ते ऐकून वाचनालयवाल्यांना आनंद होईल. ली फेल्सेनस्टाइन.

१९७३ च्या ऑगस्टमध्ये बर्कलीत गाण्यांच्या तबकड्या विकणाऱ्या एका दुकानात त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एक टेलिटाइप, म्हणजे तारेने मजकूर पाठवणारं टंकयंत्र, ठेवला. तो टेलिफोनच्या तारेने सॅन फ्रान्सिस्कोतल्या मोठ्या संगणकाला जोडलेला. कुणीही यावं, निरोप टाइप करावा, दुसऱ्यांचे निरोप शोधावेत. नाव ठेवलं होतं कम्युनिटी मेमरी. यंत्राचा खडखडाट फार, म्हणून त्याला आतून फोम लावलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवलं होतं आणि हात घालायला दोन भोकं! वादकांनी तिथे साथीदार शोधले, कुणी चांगले बेगल कुठे मिळतात ते विचारलं. आपण इथे आता जे करतो आहोत ना, डॉसकाका पुण्यात, सातारी साताऱ्यात, मी इथे, त्याची ती पहिली चावडी.

हेच फेल्सेनस्टाइन पुढे होमब्रू कॉम्प्युटर क्लब या हौशी संगणकवाल्यांच्या क्लबच्या बैठका चालवायचे. क्लबची पहिली बैठक ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये झाली. जॉब्स यांचे भागीदार स्टीव्ह वॉझ्निअक त्याच क्लबमध्ये अ‍ॅपल-१ चे आराखडे हवे त्याला वाटायचे. कुणाला काय अडलं, कुणाकडे कुठला सुटा भाग आहे, ते भर सभेत बोलायचं आणि नंतर एकमेकांना गाठायचं. ज्ञान झाकून ठेवायचं नाही, अशी ती माणसं होती. भिंतीवर सहा माणसं लावायची तर माझी कसोटी हीच राहील.

वाचनवेडी
मावशी, पुठ्ठ्याचं खोकं आणि दोन भोकं! हे मुलांना सांगितलं की ती तसलं खोकं करून बघणार, मला खात्री आहे.

सडेतोड
डॉसकाका, विमानाबद्दल माझं चुकलं, मान्य. पण मावशींच्या कसोटीने गेट्स बाहेर जातात त्याचं काय? १९७६ मध्ये त्यांनी हौशी मंडळींना जाहीर पत्र लिहून 'आमचं बेसिक (प्रोग्रॅम लिहायची सोपी भाषा) चोरू नका' असं सांगितलं, ते मला चूक वाटत नाही. महिनोन् महिने राबून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला पैसे मिळायला हवेत. सॉफ्टवेअरवर पोट भरणारी हजारो मराठी घरं आज त्याच तत्त्वावर चालतात, माझंही.

बे_एरियातली_मावशी
सडेतोड, पटलं. माझंही घर त्यावरच चालतं. गेट्सना मी कमी लेखत नाही. त्यांना भिंतीची गरज नाही, एवढंच म्हणणं.

नदीकाठ
बेसिकचा विषय निघालाच आहे तर एड रॉबर्ट्स यांना विसरू नका. ज्या अल्टेअर ८८०० साठी गेट्स आणि त्यांचे भागीदार पॉल अ‍ॅलन यांनी ते बेसिक लिहिलं, ते यंत्र रॉबर्ट्स यांचं. जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स'च्या मुखपृष्ठावर ते झळकलं. जोडणीचा संच ३९७ डॉलर. कीबोर्ड नाही, पडदा नाही, समोर खटके आणि दिवे, आणि स्मृती फक्त २५६ बाइट. हा माझा परिच्छेदसुद्धा त्यात मावणार नाही. तरी हजारो लोकांनी आगाऊ पैसे पाठवले, कारण संगणक आपल्या घरात, आपल्या मालकीचा, ही गोष्टच नवी होती.

१९७७ मध्ये रॉबर्ट्स यांनी कंपनी विकली, जॉर्जियात जाऊन शेती केली, चाळिशीत वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि कॉक्रन नावाच्या लहान गावात डॉक्टर म्हणून राहिले. २०१० मध्ये ते आजारी असताना गेट्स त्यांना भेटायला रुग्णालयात गेले होते. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

चेन्नईचा_कुलकर्णी
एक आपल्या बाजूचं नाव. अ‍ॅडम ऑस्बोर्न. जन्म बँकॉकचा, वडील इंग्रज, आई पोलिश, पण बालपण तमिळनाडूत. वडील आर्थर ऑस्बोर्न रमण महर्षींचे भक्त, त्यामुळे कुटुंब तिरुवण्णामलैला राहिलं. अरुणाचलाच्या पायथ्याशी वाढलेल्या या मुलाने १९८१ मध्ये ऑस्बोर्न-१ बाजारात आणला. घेऊन हिंडता येईल असा संगणक, वजन ११ किलो! शिवणयंत्राच्या पेटीएवढा. पडदा पाच इंचांचा. किंमत १७९५ डॉलर आणि त्यातच वर्डस्टार, सीपी/एम सगळं दिलेलं. त्याचा आराखडा मावशींच्या फेल्सेनस्टाइन यांचाच. १९८३ मध्ये कंपनी बुडाली. शेवटची वर्षं ते भारतात परतले आणि २००३ मध्ये कोडाईकनालला वारले. मी तिरुवण्णामलैला गिरिप्रदक्षिणेला जातो तेव्हा त्यांची आठवण येते.

उनाडटप्पू
कुलकर्णीसाहेब, ११ किलो म्हणजे आमच्याकडे गव्हाची अर्धी गोणी. लॅपटॉप मांडीवर घ्यायला पैलवान हवा. :)

शाळेतली_बाई
सगळं वाचलं, आवडलं. पण यादी बघा: किल्डॉल, बार्नबी, फेल्सेनस्टाइन, रॉबर्ट्स, ऑस्बोर्न. सहाही पुरुषच लावणार का? वाचनालयात येणाऱ्यांत निम्म्या मुली आहेत.

सोफी विल्सन यांचा फोटो हवाच. १९८१ मध्ये बीबीसीला शिक्षणासाठी संगणक हवा होता. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आठवड्याच्या आत त्याचा नमुना उभा केला. बीबीसी मायक्रोवरचं बेसिक विल्सन यांनी लिहिलं. पुढे एकॉर्नला स्वतःची चिप करायची होती. तिच्या आज्ञावलीची रचना विल्सन यांनी केली आणि ती चालेल का हे आधी बीबीसी बेसिकमध्येच लिहून तपासलं. एप्रिल १९८५ मध्ये पहिली चिप हातात आली आणि पहिल्याच दिवशी चालली. तिचं नाव आर्म. मुलांना सांगा, घरातला मोबाइल ज्या चिपवर चालतो ती हिचीच नात-पणती.

आणि यात आपलाही धागा आहे. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी क्लास हा प्रकल्प सुरू केला, त्यात हेच बीबीसी मायक्रो आले. मी शिकले त्या शाळेत एक खोली त्यांच्यासाठी होती. किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. आम्हाला वर्षभरात तीनदा आत नेलं आणि हात लावू दिला नाही. मी खिडकीच्या गजांतून बघायचे. शिक्षिका झाल्यावर मी पहिल्या दिवशी मुलांना कीबोर्डला हात लावू दिला तो त्या खिडकीमुळे. वाचनवेडी, तुमच्या खोलीची किल्ली कुणाकडे असते?

वाचनवेडी
बाई, किल्ली माझ्याकडेच आहे, पण वाचनालय उघडं तोवर खोली उघडी. हा नियम मी बैठकीत भांडून करून घेतला आहे.

पेठेतला_जुना
बाईंचं म्हणणं बरोबर आहे. डोरोथी मॅक्इव्हन यांनाही किल्डॉल यांच्याच चौकटीत घ्या, कंपनी दोघांची होती.

पण मंडळी, पानभर झालं आणि मराठीचं नाव कुणी घेतलं नाही? ही चर्चा आपण देवनागरीत करतो आहोत, ते कसं जमलं?

मी १९९१-९२ मध्ये एका छापखान्यात कामाला होतो. तिथल्या पीसीच्या खाचेत जिस्ट कार्ड बसवलेलं. मोहन तांबे यांनी आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी हे काम सुरू केलं, पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते वाढलं. कार्ड बसवलं की डॉसमधले तेच जुने इंग्रजी प्रोग्रॅम पडद्यावर देवनागरी दाखवायचे. डीबेसमध्ये मराठी नावांची यादी! मालक दोन दिवस गिऱ्हाइकांना बोलावून बोलावून दाखवत होते.

त्यामागची कल्पना सुंदर आहे. मराठी, तमिळ, बंगाली, सगळ्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, म्हणून 'क'ला सर्व लिप्यांत एकच क्रमांक. हीच इस्की. कीबोर्डही तसाच, इनस्क्रिप्ट: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. 'क'च्या कळेवर शिफ्ट दाबली की 'ख', 'त'च्या कळेवर 'थ', 'प'च्या कळेवर 'फ'. ज्याला बाराखडी येते त्याला अर्धा कीबोर्ड आधीच येतो. जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरीचा तक्ता आला तो याच इस्कीवरून. तुम्ही या क्षणी वाचता आहात त्या प्रत्येक अक्षराचा क्रम तिथून आलेला आहे.

याच्या जोडीला र. कृ. जोशी. मुंबईच्या आयआयटीतले सुलेखनाचे प्राध्यापक आणि कवी. विंडोजमधला 'मंगल' हा टंक त्यांचा. २००८ मध्ये गेले. माझ्या मुलाने शाळेचा पहिला मराठी प्रकल्प मंगलमध्ये केला, माझ्या नातीनेही.

सातारी_टंकलेखक
+१०० पेठेतला_जुना. मी इनस्क्रिप्टला सुरुवातीला शिव्या घातल्या, कारण हाताला टंकयंत्राची सवय. तीन आठवड्यांनी परत टंकयंत्रावर बसलो तर बोटं 'ख'साठी शिफ्ट शोधायला लागली. बार्नबींचं माझं मत मी मागे घेतो, तांबे यांना द्या.

चिपमास्तर
उशिरा आलो. चक पेडल यांचं नाव अजून कसं नाही?

१९७५ मध्ये इंटेलची ८०८० चिप ३६० डॉलरला एक होती. पेडल यांचं म्हणणं, एवढ्या किमतीत सामान्य माणसाला संगणक कधी मिळायचा? त्यांनी आणि त्यांच्या चमूने ६५०२ तयार केली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनाच्या वेळी ती २५ डॉलरला विकली. प्रदर्शनात विक्रीला मनाई, म्हणून हॉटेलच्या खोलीत काचेच्या बरण्या भरून ठेवल्या. गोळ्या-बिस्किटांच्या दुकानासारख्या! तळातल्या चिपा चालणाऱ्या नव्हत्या, बरणी भरलेली दिसावी म्हणून घातलेल्या. तिथे रांगेत वॉझ्निअकही होते. अ‍ॅपल-१, अ‍ॅपल-२, कमोडोर पेट आणि बाईंचा बीबीसी मायक्रो, सगळ्यांच्या पोटात ६५०२.

आणि आपल्या घरांत? नव्वदच्या दशकात दिवाळीला हट्ट करून घेतलेला टीव्ही गेम आठवतो? कॅसेट खोचून मारिओ खेळायचा तो. त्यातही ६५०२ चंच भावंड असायचं. अर्ध्या महाराष्ट्राने पेडल यांची चिप वापरली आहे, नाव न कळता. ते २०१९ च्या डिसेंबरमध्ये गेले तेव्हा मी माझ्या वर्गात ही गोष्ट सांगितली. मुलांनी घरचे बंद पडलेले गेम आणले, आम्ही उघडून बघितले.

कोकणी_माणूस
मुलाला आधी काय हातात येतं? माउस. मग डग्लस एंगेलबार्ट हवेत. ९ डिसेंबर १९६८, सॅन फ्रान्सिस्को, दीड तासाचं प्रात्यक्षिक. माउस, पडद्यावर मजकूर हलवणं, दुवा दाबून दुसरीकडे जाणं, दूर बसलेल्या माणसाशी एकाच पडद्यावर काम, सगळं त्या एका दुपारी. माउस लाकडाचा, खाली दोन चाकं. तो बनवला बिल इंग्लिश यांनी. बाकी सगळे नंतरचे.

वाचनवेडी
मंडळी, काल पुन्हा बैठक झाली. हा धागा छापून नेला होता, १४ पानं. अध्यक्षांनी शाळेतल्या बाईंची खिडकी मोठ्याने वाचून दाखवली.

ठरलं ते असं: एंगेलबार्ट. किल्डॉल आणि डोरोथी मॅक्इव्हन एका चौकटीत. फेल्सेनस्टाइन, तेही पुठ्ठ्याच्या खोक्याच्या चित्रासह. सोफी विल्सन. मोहन तांबे. सहाव्या चौकटीत वॉझ्निअक आणि जॉब्स दोघं एकत्र, तरुणपणचे. सडेतोड, ओळखीचा चेहरा हवा हे तुमचं म्हणणं शेवटी सर्वांना पटलं. रॉबर्ट्स आणि ऑस्बोर्न यांची माहिती टिपणवहीत असेल, ती वही खोलीतच टांगणार आहोत.

किल्डॉल यांच्या खाली लिहिलं आहे: 'संगणक बदलला तरी तुमचा प्रोग्रॅम चालावा, ही सोय यांनी केली.' पाचवीतल्या भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे चार्जर सगळ्यांना एकच, तसं?" मी तेच वाक्य खाली जोडलं.

सडेतोड
भाचीला माझ्याकडून शाबासकी. सहावी चौकट मान्य.

चिपमास्तर
यादी उत्तम, पण पेडल पुन्हा राहिलेच. मी भांडणार नाही. माझ्याकडे एका जुन्या बोर्डावरून काढलेली ६५०२ आहे, ४० पायांची, आता बंद पडलेली. वाचनालयाला देतो. फोटोऐवजी खरी चिपच टांगा.

वाचनवेडी
चिपमास्तर, यापेक्षा काय हवं! पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवते. फ्रेमवाल्याशी आत्ताच बोलले, तो काचेची उथळ पेटी करून देईल, पण त्याला चिपची लांबी-रुंदी हवी आहे. तेवढी मोजून कळवाल का? आणि पाय वाकणार नाहीत अशी फोममध्ये खोचून पाठवा.

चिपमास्तर
संध्याकाळी फूटपट्टी लावून सांगतो.